दोनदा घंटी

भाऊंची हाक आली तेव्हा मी मागीलदारी सुपारी सोलत बसले होते. हाक म्हणजे नुसतं "गोऽऽ" एवढंच. पण तीन वर्षांत माझ्या सासऱ्यांचा आवाज असा चिरकलेला मी कधी ऐकला नव्हता. मांडीवरचं टोपलं तसंच टाकून मी धावले. सोललेल्या सुपाऱ्या अंगणभर घरंगळल्या.

पोपटांच्या पिंजऱ्याचं बाहेरचं दार सताड उघडं होतं. आतलंही सताड उघडं. आणि दोन दारांच्या मधे मानेला पट्टा बांधलेले भाऊ, हातात भिजवलेल्या चण्यांची वाटी धरून उभे.

"मामलेदार उडालो," ते म्हणाले.

मी आधी आतलं दार लावलं, मग बाहेरचं ओढून घेतलं. बाकीचे पोपट वरच्या काठीवर ओळीने बसले होते, एकाचाही आवाज नाही. पोपट गप्प झाले की समजावं, काहीतरी मोठं बिघडलंय.

"तू घंटी वाजवलंस आणि दार लावूक नाय?" मान वळत नसल्यामुळे भाऊ अख्खे माझ्याकडे वळले. "दोनदा वाजवलंस. मी ऐकलंय. मगेच दार उघडलंय."

मी सकाळी आठनंतर पिंजऱ्याकडे फिरकलेही नव्हते. आता साडेदहा वाजत होते.

इथे पिंजऱ्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं घर कुडाळपासून आत, वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला. भाऊ महसूल खात्यात सर्कल ऑफिसर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन एकरांत माड, पोफळी, जायफळ, केळी असं रान माजवलं आणि त्या रानाच्या मधोमध एका खोलीएवढा उंच पिंजरा बांधला. त्यात परदेशी पोपटांच्या जोड्या. सगळे कागदपत्र केलेले. आपल्याकडचा रानपोपट त्यांनी एकही ठेवला नाही. रानपोपट बाहेरच्या जांभळीवर बसून आतल्यांशी भांडायचे, ते वेगळं. पोपटांची नावंही भाऊंच्या कचेरीतली. दिवसभर ओरडणारा आणि काम काही न करणारा निळा मकाव तो 'साहेब'. दोन लहान केशरी पोपट ते 'तलाठी'. आणि राखाडी अंगाची, लाल शेपटीची आफ्रिकन जोडी म्हणजे मामलेदार आणि मामलेदारीण.

पिंजऱ्याला दारं दोन. मधे दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढी जागा. एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे पाखरू आतून सुटलं तरी मधल्या जागेतच अडकेल. भाऊंच्या दोन्ही हातांत वाट्या, त्यात मानेचा विकार, मागे वळून बघता येत नाही. म्हणून आमची रीत ठरलेली होती: भाऊ पुढे, मी मागे. मी बाहेर राहून दार ओढायचं, कडी घालायची आणि चौकटीला बसवलेली जुन्या सायकलची घंटी दोनदा वाजवायची. ती ऐकली की भाऊ आतलं दार उघडणार. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. त्या दिवशीही आठ वाजता आम्ही दोघांनी हे रीतसर केलं होतं.

मी जाळीतून आत बघितलं. सकाळच्या वाट्या अजून अर्ध्या भरलेल्या होत्या. भाऊंच्या हातात ही दुसरी फेरी होती. सकाळी खायला घातलंय हे ते विसरले होते आणि पुन्हा आले होते, एकटेच. आणि मी मागे आहे असं समजून त्यांनी घंटीसुद्धा ऐकली होती, जी कुणी वाजवलीच नव्हती.

विसरणं एक वेळ ठीक. हे तर भास व्हायला लागले.

"बोल की!" भाऊ ओरडले. "दार कित्याक लावूक नाय?"

"चुकलं, भाऊ," मी म्हणाले. त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि चणे केळीच्या बुंध्यात ओतून टाकले.

मी हे का केलं, याचं कारण त्याच दिवशी, शनिवारी दुपारी तीनला मोटारसायकलवरून येणार होतं. निशिकांत, माझा नवरा, गोव्यात औषधांच्या कारखान्यात होता. आठवडाभर फोंड्याला राहायचा, शनिवारी घरी. महिन्यापूर्वी भाऊ स्कूटर काढून आपल्या जुन्या कचेरीत गेले होते. बारा वर्षांपूर्वी सोडलेल्या टेबलाशी जाऊन बसले आणि तिथल्या पोराला म्हणाले, कालची फाइल आण. लोक हसले. निशिकांतला हसू आलं नाही. रात्रभर तो येरझाऱ्या घालत होता. सकाळी मला म्हणाला, "या वेळी सोडून देऊ. पुन्हा असं काही झालं तर पाखरं देऊन टाकायची आणि भाऊंना घेऊन फोंड्याला जायचं. तू पण तिकडेच ये. हे असं किती दिवस चालणार?"

खरं सांगते, मला फोंड्याला जायचं होतं. मी कोल्हापूरची. या गावात संध्याकाळी सहानंतर बोलायला माणूस नाही, स्वयंपाकघरात धामण आणि माळ्यावर उदमांजर. लग्न होऊन तीन वर्षं झाली आणि नवरा माझ्या वाट्याला आठवड्यातून दीड दिवस. नुसतं खरं बोलले असते तरी पुढच्या महिन्यात फ्लॅटमध्ये असते. पण भाऊ आपल्या रिकाम्या हाताकडेच बघत उभे होते, आणि त्या क्षणी मला ते बघवलं नाही. बाकी काही थोर विचार माझ्या डोक्यात नव्हता.

मामलेदार फणसावर होता. जमिनीपासून पस्तीस फुटांवर, पानांत फक्त लाल शेपटी दिसत होती.

"तेका चढाक येता, उतरूक येणा नाय," भाऊ म्हणाले. "दहा वर्षांत इतक्या उंच कधी गेलो नाय तो. भियालो हा."

"बोलावून बघा ना."

"बोलवतंय तर!" ते फिस्कारले. "तुझ्यासारखो घाटार वाढलो नाय मी, पाखराक हाक मारूक येणा नाय म्हणाक."

ऐकून घेतलं. चूक माझी होती ना.

खरी काळजी वेगळीच होती. मामलेदारीण लाकडी पेटीत तीन अंड्यांवर बसली होती, एकोणीस दिवस झाले होते. या जातीत मादी पेटीतून फारशी हलत नाही. नर तिला चोचीतून भरवतो. दोन वर्षांपूर्वी एका जोडीतला नर मेला, तेव्हा मादीने तिसऱ्या दिवशी अंडी सोडली होती. आणि वहाळापलीकडच्या ऐनाच्या झाडावर मोरघारीचं घरटं होतं. ती बाई आठवडाभर आमच्या बागेवर घिरट्या घालत होती. परवाच तिने शेजाऱ्यांची कोंबडी उचलून नेली होती.

बारापर्यंत कावळ्यांना मामलेदाराचा पत्ता लागला. एक आला, मग सात. राखाडी रंगाचं असलं पाखरू त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. ते झेपा घालायला लागले, तसा मामलेदार एक फांदी आणखी वर चढला. मी खालून केळीच्या खोडाची सोपटं फेकून कावळे हाकलत होते. भाऊ खुर्ची टाकून, मान पट्ट्यात अडकलेली म्हणून पाठच मागे कलंडून, वर बघत बसले. जेवायला उठले नाहीत. मी पेज आणून दिली, ती खुर्चीखाली निवली.

एकदा वरून मोठी सावली सरकली. कावळे एकदम पांगले. पिंजऱ्यातला साहेबसुद्धा गप्प. मोरघार फणसाच्या शेंड्याभोवती एक फेरा मारून वहाळाकडे गेली.

"गेली," मी म्हणाले.

"येतली," भाऊ म्हणाले. "तिणा बघल्यान."

तीनला मोटारसायकल वाजली. निशिकांत हेल्मेट हातात घेऊनच आला. त्याने खुर्ची बघितली, भाऊ बघितले, वर बघितलं.

"काय झाला?"

"मामलेदार सुटला," मी म्हणाले.

"दार कुणी उघडं ठेवलं?"

त्याने हे मला विचारलं, पण बघत होता तो भाऊंकडे. भाऊंनी तोंड उघडलं.

"मी," मी म्हणाले. "घंटी वाजवली आणि कडी घालायची राहिली."

"तू?"

"हो. लक्ष नव्हतं."

"घोड्यासारखी वाढलंस, आणि कडी घालूक येणा नाय," भाऊ म्हणाले. तेवढं बोलून ते पुन्हा वर बघायला लागले.

निशिकांतने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाला, "नारळ काढणाऱ्या पाडेल्याला बोलावतो. तो चढून धरेल."

"पाडेलो चढलो तर तो उडात," भाऊ म्हणाले. "उडालो तर वहाळापलीकडे जायत. आणि थंय ती आसा."

"मग काय, काळोख पडेपर्यंत बघत बसायचं?"

"बसायचा."

दोघेही एकमेकांकडे न बघता बोलत होते. माझ्या मनात सारखं एकच चाललं होतं: भाऊंनी आता आणखी काही बोलू नये. दुसऱ्या फेरीचं तोंडातून निघू नये.

पाचच्या सुमारास ऊन पोफळींवरून उतरलं. कावळे त्यांच्या वाटेने गेले. आम्ही तिघे तीन ठिकाणी, नजर फणसावर. आणि घंटी वाजली.

ट्रिंग. ट्रिंग.

निशिकांतने पिंजऱ्याच्या दाराकडे बघितलं. दारापाशी कुणी नव्हतं. भाऊ खुर्चीतून उठून अख्खे वळले. मी तर जागच्या जागी खिळले.

ट्रिंग. ट्रिंग. आवाज वरून येत होता, फणसातून. तीच किंचित गंजलेली घंटी, दुसऱ्या ठोक्याला जरा घसरणारी. मामलेदार घंटीची हुबेहूब नक्कल करून आपली जेवणाची वेळ झाल्याचं सांगत होता.

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. भाऊंना भास झाला नव्हता. त्यांनी घंटी ऐकली होती, खरीखुरी ऐकली होती. लबाडाने आतून वाजवली आणि दार उघडल्याबरोबर डोक्यावरून निघून गेला. मी हसत होते की रडत होते, मलाच कळेना.

निशिकांत मात्र हिशेबी माणूस. तो हळूहळू म्हणाला, "म्हणजे सकाळी घंटी याने वाजवली. मग तृप्ती, तू कुठं होतीस?"

मी काही बोलणार इतक्यात साहेबाने पिंजऱ्यात एक किंकाळी फोडली आणि सगळे पोपट खाली दबले. मोरघार परत आली होती. या वेळी ती फेरा मारत बसली नाही. फणसाशेजारच्या वठलेल्या आंब्यावर येऊन उतरली.

"मगे बोला," भाऊ म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बदलला. कचेरीत असा आवाज असणार त्यांचा. "निशी, तू बावीकडे जा आणि थंयच रव. ती हलली तर पत्रो बडव. बाय, चण्याची वाटी हाड."

"काय करायचं?"

"सांजेचा खाणा घालायचा. रोजच्यासारखा."

मी वाटी भरून दिली. भाऊ मधल्या जागेत जाऊन उभे राहिले, आतल्या बंद दाराकडे तोंड करून, बाहेरच्या दाराकडे पाठ. बाहेरचं दार उघडं. मी दारामागे, जास्वंदीत बसले.

"मी वळून बघूचंय नाय," भाऊ म्हणाले. "तो आत इलो की तू दार लावायचा. लावलंस की घंटी. तोपर्यंत मी हलणार नाय."

"बरं."

"वाजव."

मी घंटी दोनदा वाजवली.

वरून उत्तर आलं, दोनदा.

पुन्हा वाजवली. पेटीतून मामलेदारिणीचा बारीक, कुरकुरल्यासारखा आवाज आला. दिवसभर ती उपाशी होती. फणसात पानं हलली. मामलेदार चोचीने फांदी धरून, पाय सरकवत, उलटा सुलटा होत खाली यायला लागला. जमेना त्याला. एकदा घसरला, पंख फडफडवून सावरला. फणसावरून जायफळावर, जायफळावरून पिंजऱ्याच्या छपरावर. माझ्यापासून तीन हातांवर.

तेवढ्यात विहिरीकडून पत्रा वाजला.

सावली आली. मामलेदार जाळीला चिकटून थिजला. मला मोरघारीच्या पंखांचा वारा कळला, असं मी अजूनही सांगते. निशिकांत म्हणतो ती इतकी जवळ आलीच नव्हती. मला उठून ओरडायचं होतं. उठले असते तर मामलेदार उडाला असता, आणि नाही उठले तर ती त्याला उचलणार होती.

आतून भाऊंचा आवाज आला, अगदी शांत. "या मामलेदारसाहेब. बसा. चाय घेतलास?" आणि बोटाने वाटीवर टकटक.

मामलेदार दगडासारखा खाली पडला, दारातून आत गेला आणि भाऊंच्या मानेच्या पट्ट्यावर जाऊन बसला.

मी दार ओढलं. कडी दोनदा हातातून निसटली. तिसऱ्यांदा बसली. मग मी घंटी वाजवली. दोनदा.

भाऊ हलले नाहीत. आतल्या दाराच्या कडीवर हात होता, पण उघडेनात.

"भाऊ, लागलं दार."

"ही घंटी कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी. मी वाजवली."

"तुझीच?"

"माझीच, भाऊ. मी आहे इथं."

"कडी हलव. माका ऐकू येवंदे."

मी कडी खडखडवली. तेव्हा त्यांनी आतलं दार उघडलं. मामलेदार उडाला आणि चणे घेऊन थेट पेटीवर गेला.

आम्ही बाहेर आलो तेव्हा निशिकांत समोर उभा होता. हातात पत्रा तसाच. "मी विचारत होतो," तो म्हणाला, "सकाळी तू कुठं होतीस?"

"अहो, मी..."

"ती थंय नव्हती," भाऊ म्हणाले. खुर्चीच्या पाठीला धरून ते उभे होते. "आठाक आम्ही दोघांनी खाणा घातलेला. मगे मी परत गेलंय. एकटोच. खाणा घातलेला ध्यानातच रवाक नाय. मघाशी पाठमोरो उभो होतंय तेव्हा उमगला, सकाळी माझ्या मागे कोण नव्हताच. आणि ह्या चेडवान दिसभर माझी बोलणी खाल्ल्यान."

निशिकांतने पत्रा खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तू माझ्याशी खोटं बोललीस."

"हो," मी म्हणाले.

तो तसाच मागीलदारी गेला. जरा वेळाने मी बघितलं तर अंगणात उकिडवा बसून घरंगळलेल्या सुपाऱ्या टोपल्यात भरत होता. एकेक, फुंकर मारून. आठ दिवस तो माझ्याशी तुटक वागला, आणि त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण फोंड्याचं नाव त्याने काढलं नाही. पुढच्या वर्षी त्यानेच बदली मागून घेतली आणि रोज घरी यायला लागला.

तीनातली दोन अंडी फुटली.

भाऊ त्यानंतर सहा वर्षं होते. विसरणं काही थांबलं नाही; आधी गावं गेली, मग माणसं. पण एकटे पिंजऱ्याकडे ते पुन्हा कधी गेले नाहीत, आणि घंटीवर त्यांनी पुन्हा विश्वास ठेवला नाही. मी घंटी वाजवली तरी मधल्या जागेत पाठमोरे थांबायचे आणि विचारायचे, "कोण आसा मागे?" मी म्हणायचे, "मी आहे, भाऊ." मग उघडायचे. मी येईपर्यंत वाट्या हातात धरून पायरीवर बसून राहायचे, कधी कधी तासभर.

शेवटच्या पावसाळ्याआधीची गोष्ट. त्या सकाळी त्यांनी निशिकांतला ओळखलं नव्हतं. मी दार ओढलं, कडी घातली, घंटी वाजवली.

"कोण आसा मागे?"

"मी, भाऊ. तृप्ती."

"तृप्ती कोण, ता माका म्हायत नाय," ते म्हणाले. "पण दार तूच लावतंस मां?"

"हो, भाऊ. मीच लावते."

"मगे झाला," असं म्हणून त्यांनी आतलं दार उघडलं.